आयत्या वेळचे विषय

मंडळी, विषय कळवला होता तो विश्वस्त मंडळावर येणाऱ्या निरनिराळ्या थरांतल्या सदस्यांचा आणि स्वयंसेवकांचा. त्यावर येतोच. पण आधी विषयपत्रिकेतल्या शेवटच्या ओळीवर बोलू द्या : 'आयत्या वेळी येणारे विषय, मा. अध्यक्षांच्या परवानगीने.' हसताय, म्हणजे तुमच्याही वहीत ती आहे.

आधीचे विषय कसले? मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, दुखवट्याचा ठराव. सगळं सर्वानुमते. मग चहा येतो, बिस्किटांची बशी फिरते आणि सचिव म्हणतात, 'एक छोटासा विषय होता.' हा छोटासा विषय म्हणजे सभागृह भाड्यानं देणं, नाहीतर मुदतठेव मोडणं. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांचं फोनवर ठरलेलं असतं. वस्तीतून आलेल्या ताईंना, कर्णबधिर सदस्याला, कॉलेजातल्या पोराला ते तिथंच कळतं. ताईंना आधी वस्तीतल्या चार बायकांना विचारायचं असतं. ते राहतं, आणि ठरावाखाली अनुमोदक म्हणून नाव मात्र त्यांचंच. सूचक जुने, अनुमोदक नवीन. अहवालात छान दिसतं. उद्या धर्मादाय कार्यालयाची चौकशी लागली, तर 'मी वाचलं नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचंच बघा. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया बसवल्या. पण सचिव मुख्याध्यापक, आणि विषयपत्रिका सचिवांच्या हातात. माणसं बदलली, कागद कुणाच्या टेबलावर तयार होतो ते बदललं नाही.

तेव्हा एक ठराव करा : पैसा, जागा आणि नेमणूक यांचा निर्णय आयत्या वेळी होणार नाही. चर्चा खुशाल करा, ठराव पुढच्या सभेत. छप्पर गळतंय, मोटार जळली, असल्या खर्चाला मर्यादा घाला, समजा 5,000 रुपये. नोटीस सात दिवस आधी, सोबत हिशेबाचं एकच पान : बँकेत किती, त्यातले ठरावीक कामासाठी बांधलेले किती, देणं किती. नव्या माणसाच्या हातात थेट ताळेबंद दिला तर तो मान डोलावतो, दुसरं काय करणार?

अंध सदस्याला नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आणि कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातली फाइलही नको. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यातून भलतीच रोमन अक्षरं वाचत सुटतो. युनिकोडमध्ये टाइप करा. सांकेतिक भाषेचा दुभाषा बोलावलात तर विषयपत्रिका त्यालाही आधी द्या, आणि सभा दोन तासांची असेल तर दोघांना बोलावा, एकाचे हात थकतात. बोलण्याची फेरी सर्वांत नव्या सदस्यापासून सुरू करा. अध्यक्षांनी शेवटी बोलावं. त्यांनी आधी मत दिलं की फेरी संपलीच. एसटीचं भाडं सभेतच रोख द्या. रोज बुडवून आलेल्या माणसाचं व्हाउचर महिनाभर फिरवायचं आणि वर्षाअखेरीस त्याला शाल घालायची, हा कुठला न्याय?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणे. स्वयंसेवक राहिलेच की!

भराभर सांगतो. मुलींना रांगोळी, मुलांना खुर्च्या, निवृत्तांना प्रास्ताविक, ही वाटणी बंद करा. प्रत्येकाला विचारा आणि एका पानावर लिहून द्या : काम काय, आठवड्याला किती तास, अडलं तर फोन कुणाला. फोन करायचं माणूस एकच ठेवा. तिघांनी तीन कामं सांगितली की पोरगं यायचं थांबतं आणि आपण म्हणतो, हल्लीच्या पिढीत निष्ठा नाही. पहिली मुदत तीन महिन्यांची ठेवा, म्हणजे सोडून जाणाऱ्याला तोंड चुकवावं लागत नाही. मुलांबरोबर काम असेल तर पोलीस पडताळणी करा, आणि कुणालाही मुलांसोबत एकटं सोडू नका, कितीही ओळखीचा असो.

यातूनच पुढचे विश्वस्त निवडा. आधी दोन सभांना निमंत्रित म्हणून बसवा, मग नेमा. आणि नेमल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खालचा बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची खबर, धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत द्या. तो राहिला की नाव तिथल्या नोंदवहीत, म्हणजे शेड्यूल 1वर, चढत नाही, बँक त्यांची सही घेताना अडते, आणि धनादेशावर पुन्हा त्याच जुन्या दोघांच्या सह्या.