काउंट वाढला, पण पेशी पोचल्याच नाहीत

पडद्यावर दिसतोय तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचा रिपोर्ट. टोटल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, 15,000. नेहमीची वरची मर्यादा साधारण 11,000. नातेवाईक घाबरतात: इन्फेक्शन झालं का? पण रुग्णाला ताप नाही. आमवातासाठी कालच स्टिरॉइड सुरू झालंय, आणि सुजलेली बोटं आज मिटायला लागली आहेत.

मग पांढऱ्या पेशी वाढल्या कशा?

आता रक्तवाहिनीच्या आत बघू. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी जवळपास निम्म्या प्रवाहात नसतातच. त्या भिंतीला धरून असतात. दंडातून काढलेल्या रक्तात त्या येत नाहीत, म्हणून मोजल्याही जात नाहीत. कुठे दाह झाला, की तिथल्या भिंतीवर चिकट प्रथिनं उगवतात. पेशी तिथे मंदावते, गडगडत पुढे सरकते, चिकटते आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. सांध्यात सूज येते ती अशा पाहुण्यांच्या गर्दीमुळेही.

स्टिरॉइड हा चिकटपणाच कमी करतं. भिंतीवरच्या पेशी सुटून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतूनही नव्या निघतात. काही तासांतच काउंट चढतो. रक्तात गर्दी, सांध्यात सामसूम! लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचे आकडे मात्र त्याच रिपोर्टमध्ये घसरलेले दिसतात.

सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका रुग्ण महिलेला कॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिलं. जेमतेम हलू शकणारी ती बाई काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये हेंच यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. दुष्परिणामांची यादीही पाठोपाठ आलीच.

कारण ज्या पेशी सांध्यात पोचत नाहीत, त्या जंतूंपर्यंतही नीट पोचत नाहीत. 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस, म्हणजे ‘काळी बुरशी’, पाहिला. कोविड, बेताल साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले, की बुरशीला रान मोकळं. पण डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं, हे 2020 मध्ये ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दिसलं होतं. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. आपल्याकडे हे दुसरं वाक्य फारसं कुणी ऐकलं नाही.

असा रिपोर्ट आला, की पॅथॉलॉजिस्ट काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरतात आणि अपक्व ‘बँड’ पेशी शोधतात. त्या बऱ्याच दिसल्या, तर संशय संसर्गाचा; जवळपास नसल्याच, तर बहुधा स्टिरॉइडचा.