ओपनिंग आधी कानाला पटावं लागतं

(फिल्म क्लबमध्ये नव्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार. फळ्यावर विषय लिहिलाय 'शॉर्ट फिल्मचं ओपनिंग : शूटिंग ते एडिटिंग'. आमचं ओपनिंग आहे दोन मिनिटांचं आणि मला बोलायला दिलीत चाळीस मिनिटं. हा कसला एडिटर, असं मागच्या रांगेत आत्ताच कुणीतरी पुटपुटलं. मला ऐकू आलं. आजचा विषय कानाचाच आहे, तेव्हा जरा जपून.

मला म्हणायचंय ते एवढंच : ओपनिंग दिसतं कसं याच्यामागे आपण जिवाचं रान करतो आणि ते ऐकू कसं येतं हे सबमिशनच्या आदल्या रात्रीवर ढकलतो. प्रेक्षक समोरच्या जागेवर विश्वास ठेवतो तो बराचसा कानाच्या भरवशावर. हे मी आज पटवून देणार आहे. पण त्याआधी अलार्मबद्दल बोलायलाच हवं, नाहीतर मला पुढचं काही सुचणार नाही.

हात वर करा : तुमच्यापैकी किती जणांची फिल्म अलार्मने सुरू होते? खरं सांगा. बघा, अर्धी खोली. उरलेले खोटं बोलताहेत. (हशा) काळा पडदा. अलार्म. पांघरुणातून एक हात बाहेर येतो, मोबाइल चाचपतो, अलार्म बंद करतो. मग पाय जमिनीवर. पायांचा क्लोजअप हवाच, पायांशिवाय सकाळ होत नाही. मग बेसिन, तोंडावर पाणी, आणि मग तो आरशात स्वतःकडे बघतो. बराच वेळ बघतो. का बघतो? कारण दिग्दर्शकाने सांगितलंय की पात्र 'आतून तुटलेलं' आहे. आणि आरशाच्या कोपऱ्यात बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरलेला मुलगा दिसतो, तोही तितकाच तुटलेला.

याच्यावर मी बराच विचार केलाय, म्हणजे मला दुसरं काम नाही असं समजा. असं का होतं? लिहिणाऱ्याला गोष्ट कुठून सुरू करायची हे ठाऊक नसलं की तो दिवस सुरू करतो. दिवस सकाळी सुरू होतो, हे निर्विवाद आहे. पण गोष्ट सकाळी सुरू होत नाही. ती साडेअकराला ऑफिसच्या लिफ्टमध्ये सुरू होत असते, आणि आपण तिथपर्यंत पोचायला दात घासत बसतो. अशी फिल्म एडिटला माझ्याकडे आली तर मी पहिलं काम हे करतो की एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर पात्र पहिल्यांदा कशाला तरी नकार देतं किंवा काहीतरी लपवतं ती जागा शोधतो, आणि तिच्या आधीचं सगळं उचलून बाजूला ठेवतो. डिलीट करत नाही. दिग्दर्शक मित्र असतो.

आता कुणीतरी म्हणेल, आणि आमच्या वर्गात एकीने म्हटलंही होतं, की तू आवाजाचा एवढा भक्त, मग अलार्म हा आवाजच आहे की! बरोबर, आवाजच आहे. पण तो वेळ सांगतो, जागा सांगत नाही. त्या मोबाइलचा अलार्म राजवाड्यातही तसाच वाजेल आणि हॉस्टेलवरही तसाच. तोच माणूस झोपलाय आणि भिंतीपलीकडून शेजारच्यांचं भांडण ऐकू येतंय, शब्द नाहीत, फक्त चढउतार, तर एका सेकंदात मला घर किती लहान आहे, भिंत किती पातळ आहे आणि हा माणूस त्याला सरावलाय की नाही, हे तिन्ही कळतं. एकही शॉट वाढवावा लागत नाही.

ड्रोन शॉट आणि त्यावर फुकटातलं पियानो संगीत, हाही माझ्या यादीत होता. वेळ बघता तो सोडतो. ड्रोनवाल्यांनी सुटलो म्हणून हसू नये.

'सिनेमा हे दृश्य माध्यम आहे' हे आपल्याला पहिल्याच तासाला सांगतात आणि आपण ते वहीत लिहून घेतो. अहो, मूकपट चालत होते तेव्हाही थिएटरात वाजवणारे बसलेले असायचे. 1931 मध्ये 'आलम आरा' आणि 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलू लागले, त्याआधीही पडद्यासमोर शांतता अशी नव्हतीच.

आणि हा किस्सा मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, ज्यांनी ऐकलाय त्यांनी सोसावा. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल', 1958. त्याचं ओपनिंग जगभर शिकवतात. एक हात टाइमबॉम्बची वेळ लावतो, बॉम्ब एका गाडीच्या डिकीत जातो, गाडी निघते, आणि क्रेनवरचा कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट न घेता त्या गाडीच्या आणि रस्त्यावरून चालणाऱ्या एका जोडप्याच्या मागेपुढे फिरतो. शिकवताना सगळे क्रेनबद्दल बोलतात. क्रेन भारीच आहे. पण स्टुडिओने चित्रपट वेल्सच्या हातातून काढून घेतला आणि प्रदर्शित करताना या शॉटवर श्रेयनामावली चढवली, वर हेन्री मँचिनीचं संगीत. संगीतही उत्तम आहे बरं का, नुसतं ऐकायला. वेल्सने स्टुडिओचं व्हर्जन पाहिलं आणि 58 पानांचं टिपण लिहिलं : हे असं करा, ते तसं करा. स्टुडिओला 58 पानं! आपल्याकडे दिग्दर्शक व्हॉइस मेसेज पाठवतो, त्यात 'जरा फील येत नाहीये यार' एवढंच असतं.

वेल्स 1985 मध्ये गेला. 1998 मध्ये वॉल्टर मर्च या एडिटरने त्या टिपणाच्या आधारे चित्रपटाचं नव्याने संकलन केलं. मर्च उभ्याने एडिट करतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मीही करून पाहिलं, पाय दुखले, कट होते तसेच राहिले. तर मर्चने ओपनिंगवरची नावं काढली, पार्श्वसंगीत काढलं, आणि त्याजागी रस्त्यावरच्या क्लबांमधून येणारं संगीत आणि त्या बॉम्बवाल्या गाडीतला रेडिओ ठेवला. कॅमेरा तोच, क्रेन तीच. पण आता गाडी फ्रेमबाहेर गेली तरी तिचा रेडिओ ऐकू येतो. गाडी जवळ आली की रेडिओ जवळ येतो आणि आपल्या पोटात गोळा येतो, कारण डिकीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. आधी तो शॉट बघत होतो, आता बॉम्ब कुठे आहे ते ऐकत बसतो.

हं, आता आमचं ओपनिंग. गोष्ट अशी : एक माणूस कित्येक महिने बंद असलेल्या घराचं कुलूप उघडून आत येतो आणि त्याला कळतं की घरात कुणीतरी राहून गेलंय. स्क्रिप्टमध्ये ते कळायचं टेबलावरच्या ओल्या ग्लासवरून. ग्लासचा क्लोजअप आम्ही फार प्रेमाने घेतला होता. थेंब ओघळतोय, मागे माणूस आउट ऑफ फोकस, मग फोकस त्याच्यावर. सगळ्यांनी मॉनिटरभोवती गर्दी केली होती.

शूटिंगबद्दल दोन गोष्टी पटकन. वाइडमध्ये, म्हणजे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, किल्ली उजव्या हातात आणि कुलपाच्या क्लोजमध्ये डाव्या हातात. कंटिन्युइटी कोण बघत होतं हे मी सांगणार नाही, तो समोरच बसलाय. (हशा) उपाय सोपा निघाला : किल्ल्यांचा खुळखुळाट वाइडमध्येच सुरू केला, तो ऐकत असतानाच क्लोजवर कट मारला, आणि आजवर एकाही प्रेक्षकाने हात ओळखलेला नाही. दुसरी गोष्ट दिशेची. बाहेरच्या शॉटमध्ये माणूस डावीकडून उजवीकडे जात असेल, तर आतल्या शॉटमध्येही डावीकडून उजवीकडेच यायला हवा. उलटा आला की तो घरात शिरलाय असं वाटतच नाही, काहीतरी विसरून परत फिरलाय असं वाटतं. दाराशी ही गफलत हमखास होते, कारण कॅमेरा आत नेताना भिंतीच्या दुसऱ्या बाजूला सगळ्यांचंच डावं-उजवं हरवतं.

आता फ्रिज. ज्या घरात शूट केलं तिथे फ्रिज होता आणि तो घरघरत होता. साउंडवाले शूटच्या वेळी फ्रिज बंद करतात आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे निघताना फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय घरी जाताच येत नाही. या धंद्यातली ही सगळ्यात हुशार युक्ती आहे, लिहून घ्या. आमच्याकडे गाडी कुणाकडेच नव्हती. त्यामुळे काही टेकमध्ये फ्रिज बंद, काहींमध्ये चालू. टाइमलाइनवर शॉट लावले तर प्रत्येक कटला घरघर येतेय, जातेय, येतेय. आम्ही ती पुसायच्या मागे लागलो, नॉइज रिडक्शन लावलं, तर माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, एका मित्राला दाखवला. तो फिल्मवाला नाही, त्याला आमच्या लेन्सचं काही पडलेलं नाही. बघता बघता म्हणाला, "घर एवढे महिने बंद आहे ना? मग फ्रिज कसा चालू?"

ओल्या ग्लासबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ग्लास त्याने पाहिला होता, पण तो ग्लास आपल्याला दाखवण्यासाठी ठेवलाय हे त्याला कळलं होतं. फ्रिज त्याला कुणी दाखवला नव्हता. तो त्याने स्वतः पकडला.

त्या रात्री ग्लास कापला. माणूस आत येतो तिथपासून फ्रिजची घरघर सलग ठेवली, इतकी खाली की ती आहे हे लक्षातही येऊ नये. मग कॉम्प्रेसर बंद पडतो, तो शेवटचा 'ठक' आणि थरथर. फ्रिज चालू असतो तेव्हा ऐकू येत नाही, थांबला की ऐकू येतो, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या 'ठक'नंतर काही फ्रेम काहीच नाही. मग माणसाची मान वळते.

ती मान वळवण्याचा शॉट कुठून आला, तेही ऐका. स्क्रिप्टमध्ये तो नव्हताच. एका टेकच्या शेवटी दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला आणि आमच्या नटाने 'आता काय?' म्हणून हळूच बाजूला बघितलं. तेवढाच तुकडा. कुलेशोव्हचा तो प्रसिद्ध प्रयोग, एकच चेहरा आणि पुढे कधी सूप, कधी शवपेटी, आणि प्रेक्षकाला त्याच चेहऱ्यावर दर वेळी वेगळा भाव दिसतो, तो तुम्हाला परीक्षेला येतोच. आमच्याकडे चेहऱ्याच्या आधी एक 'ठक' होता, बस्स. वैतागलेला नट घाबरलेला दिसू लागला. म्हणून शॉट संपला तरी कॅमेरा आणि रेकॉर्डर थोडा वेळ चालू ठेवा. नटाला सांगू नका.

...चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे जे पटवून द्यायला आलो होतो ते आता पाच मिनिटांत. ठीक आहे, धावतो.

रूम टोन. प्रत्येक जागेत किमान तीस सेकंद, जमल्यास मिनिटभर, कुणीही न हलता, न बोलता, नुसती खोली रेकॉर्ड करा. सगळ्यांना हसू येतं, येऊ द्या, पुन्हा घ्या. संवादांच्या मधल्या फटी याच आवाजाने भरायच्या असतात. तिथे पूर्ण शांतता ठेवली तर प्रेक्षकाला स्पीकर बिघडलाय असं वाटतं.

दार. माणूस आत येऊन दार लावतो तेव्हा बाहेरचा आवाज नुसता खाली करू नका. भिंत आणि दार वरच्या पट्टीतले आवाज जास्त अडवतात, खालचे आत येऊ देतात. म्हणून रहदारीच्या ट्रॅकवर लो-पास फिल्टर लावा : हॉर्नची धार जाते, ट्रकची गुरगुर राहते. हे दार टेकण्याच्या क्षणी पाच-सहा फ्रेममध्ये व्हायला हवं. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, त्यामुळे 'पाच-सहा' म्हणजे पाच-सहाच, पंधरा नव्हे. पंधरा केल्या की दार रबराचं वाटतं.

कुलूप. खऱ्या कुलपाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फुसका येतो. आम्ही दुसऱ्याच एका जुन्या कुलपाचा वेगळा घेतला, माइक अगदी जवळ धरून. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी चहा पिताना माझ्याशी वाद घालावा.

जे-कट : पुढच्या शॉटचा आवाज आधी, चित्र मागून. ओपनिंगमध्ये पहिल्या चित्राच्या आधीही करता येतो. आमच्याकडे काळ्या पडद्यावर किल्ल्या ऐकू येतात, मग घर दिसतं. पण प्रत्येक कटला जे-कट मारू नका, सवय झालेली कळते.

क्लॅप. कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा आवाज वेगळा असेल तर प्रत्येक टेकला क्लॅप द्या, निदान टाळी तरी. सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं हे खरं, पण कॅमेऱ्याच्या माइकवर काही धड आलं असेल तरच. आणि रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे व्हिडिओच्या आवाजाच्या नेहमीच्या सॅम्पल रेटवर, आहे ना, ते शूटच्या आधी बघा, नंतर नाही.

शेवटचं. मिक्स हेडफोनवर केलंत तरी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण बहुतेक लोक तुमची फिल्म तिथेच बघणार. आमची ती घरघर मोबाइलवर गायबच झाली होती. तो स्पीकर खालचे सूर देतच नाही. मग त्याच घरघरीच्या थोडा वरच्या पट्टीतला भाग उचलला, तेव्हा कुठे ती छोट्या स्पीकरवरही टिकली.

कलर ग्रेडिंग राहिलं, टायटलचा फॉन्ट राहिला, लायसन्सचं संगीत राहिलं. दोन मिनिटं उरलीत म्हणताय? मग ओपनिंगच दाखवतो, बरोबर तेवढंच आहे. आधी म्यूटवर, मग आवाजासकट... नाही, दोनदा नाही बसणार. आवाजासकटच लावा. आणि तो डावा स्पीकर खरखरतोय, तो बंद करा.