केंटबाई

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रिटनचं राजघराणं म्हटलं की आपल्याला राणी आठवते, डायना आठवते, आणि तिथेच आपली यादी संपते. आज मी बोलणार आहे ती कॅथरिन यांच्याविषयी. डचेस ऑफ केंट. नात्याने राणी एलिझाबेथ यांच्या चुलत भावजय. जन्म १९३३ चा, माहेर यॉर्कशायरचं. १९६१ साली लग्न झालं आणि राजघराण्यातल्या सुनेची ठरलेली कामं मागे लागली: फिती कापा, रोपं लावा, हस्तांदोलनं करा. लीड्स विद्यापीठाच्या त्या १९६६ पासून १९९९ पर्यंत कुलपती होत्या. आता कुलपती म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पदवीदानाच्या दिवशी दिसतात ते.

पण मला सांगायची आहे ती विम्बल्डनची गोष्ट. त्यांचे यजमान त्या क्लबचे अध्यक्ष, त्यामुळे महिलांच्या अंतिम सामन्यानंतर बक्षीस द्यायला बाई असायच्याच. १९९३ साल. एका बाजूला स्टेफी ग्राफ, दुसऱ्या बाजूला चेक देशाची याना नोव्होत्ना. तिसरा सेट. नोव्होत्ना ४-१ ने पुढे. सर्व्हिस तिची, आणि ५-१ व्हायला एकच पॉइंट हवा. एकच! तिथे तिने डबल फॉल्ट केला. पहिली सर्व्हिस गेली, दुसरीही गेली, आणि त्यानंतर सगळंच गेलं. ग्राफने ओळीने पाच गेम घेतले. ६-४. सामना संपला. (अशा वेळी समालोचकांनी गप्प बसावं, असं माझं जुनं मत आहे. कुणी ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी.)

मग बक्षीस समारंभ. नोव्होत्ना उपविजेतेपदाचं ताट घ्यायला पुढे आली, ओठ घट्ट मिटून. बाई तिच्याशी दोन शब्द बोलल्या: काळजी करू नकोस, तू हे जिंकशील, मला खात्री आहे. झालं. बांध फुटला. ती पोरगी डचेसच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर! आणि बाईंनी तिला जवळ घेतलं, घरातल्या मुलीला घ्यावं तसं. त्या काळी खेळाडूंनी राजघराण्याच्या कक्षाकडे वळून गुडघे लववून नमस्कार करायचा असा दंडक होता, हे लक्षात घ्या. २००३ साली तो त्यांच्या यजमानांनीच जवळपास बंद केला. बरं केलं. खेळून दमलेल्या माणसाला वाकायला लावू नये.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर फोटो कुणाचा? हरलेलीचा. नोव्होत्ना पुढे सांगायची की तो फोटो पाहून क्षणभर मीच जिंकले असं वाटलं. १९९७ साली ती पुन्हा अंतिम सामन्यात आली, मार्टिना हिंगिसकडून हरली. आणि १९९८ साली नाताली तोझियाला हरवून जिंकली! ९३ ला हरली, ९७ ला हरली, ९८ ला जिंकली. विजेतेपदाचं ताट तिच्या हाती दिलं कुणी? याच बाईंनी. या वेळी दोघी हसत होत्या.

बघा, घड्याळ पळतंय आणि मुख्य काम राहिलंच. १९९६ पासून या बाई हल नावाच्या बंदराच्या गावी, वान्सबेक प्राथमिक शाळेत संगीत शिकवायला जात. लंडनहून आगगाडीने. शाळेत नाव काय? मिसेस केंट. म्हणजे आपल्या भाषेत केंटबाई. शाळेच्या प्रमुखांना तेवढं खरं माहीत होतं. पालकांना नाही, पोरांना नाही. हे एकदोन महिने नव्हे, तेरा वर्षं! पुन्हा सांगते, तेरा वर्षं. मधेच, २००२ साली, ‘हर रॉयल हायनेस’ हे बिरुदही त्यांनी वापरायचं सोडलं. आपल्याकडे संगीताचा तास वेळापत्रकात असतो आणि प्रत्यक्षात त्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पुरा होतो, यावर मी एकदा स्वतंत्र भाषण मागून घेणार आहे.

त्या शाळेत बाईंना दिसलं की गळा असलेली मुलं पुष्कळ आहेत, पण शिकवणीला आणि वाद्याला घरात पैसे नाहीत. म्हणून २००४ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर संस्था काढली. नाव लिहून घ्या: फ्यूचर टॅलेंट. कमी उत्पन्नाच्या घरातल्या गुणी मुलांना संगीत शिकायला मदत करणारी. फ्यूचर टॅलेंट.

४ सप्टेंबर २०२५ रोजी, ९२ व्या वर्षी, केंटबाई गेल्या. १९९४ मध्येच त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला होता, त्यामुळे अंत्यविधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये, कॅथलिकांच्या चर्चमध्ये, झाला.

आणि हो, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या रचना गाणाऱ्या या बाईंना म्हातारपणी रॅप आवडायचं. एमिनेम, आइस क्यूब! त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय. आपल्या पुढच्या कार्यक्रमात मात्र भावगीतं आहेत. नमस्कार.