कुत्रं हाय, खाजवणारच

(दृश्य : पहाटेचा ओटा. पत्र्याच्या पन्हळीतून पाणी गळतंय.)

हा आवाज ऐका. मागचा पाय फरशीवर आपटतोय. टप, टप, टप. मग दोन मिनिटं शांत, आणि पुन्हा तेच. कराड तालुक्यातल्या या वस्तीवर आम्ही गणपतीच्या दिवसांत मुक्काम केला. रात्रभर माइक चालू ठेवला होता. सकाळी ऐकलं, तर पावसाच्या जोडीला सारखा हाच आवाज.

हा वाघ्या. साडेचार वर्षांचा, गावठी. त्याच्या मालकीणबाईंना सगळी वस्ती आक्का म्हणते. खाजेचं विचारलं तर त्या हसल्या. "कुत्रं हाय, खाजवणारच की."

यात खोटं काही नाही. प्रत्येक खाजेला दवाखाना लागत नाही. ऋतू पालटताना केस झडतात, हात फिरवला की मूठभर निघतात. पण खालची कातडी स्वच्छ असेल, कुठे टक्कल नसेल, कुत्रं खातंपितं असेल, तर घाई नको. बारीक दातांची फणी घ्या आणि पांढऱ्या कागदावर केस विंचरा. काळे कण पडले तर ओल्या बोटानं चोळा. तांबूस डाग उमटला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे वाघ्याचंच पचलेलं रक्त.

वाघ्याच्या कागदावर तसलं काही पडलं नाही. कोंडा पडला.

(दृश्य : कान, अगदी जवळून.)

कानाची कड पाहा. केस गेलेत आणि वर राखाडी खपली धरलीय, करपलेल्या पापडासारखी. आता कोपर. तेच. मागच्या पायाचा घोटा, तेच. आणि या सगळ्यावर काळपट, चिकट थर आहे ना, तो रोगाचा नाही. तो फाट्यावरच्या गॅरेजातून आलाय.

(दृश्य : गॅरेज. मोटरसायकलखाली ठेवलेला डबा.)

इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल. गावात लूत लागलेल्या कुत्र्याला हेच फासतात, वर्षानुवर्षं. केस चापून बसतात, टक्कल झाकलं जातं, कुत्रं दोन दिवस बरं दिसतं. पण कुत्रं अंग चाटतं. ते ऑइल पोटात जातं, कातडीतूनही मुरतं. शहरातली माणसंही काही शहाणी नाहीत. तिकडे माणसांसाठी आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावतात. खाज थांबते आणि खालचा नायटा किंवा लूत निवांत पसरत राहते.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकत राहिली. याच गोठ्यातल्या गाईनं आंबोणाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांना रात्री फोन जातो. वाघ्याची खाज सुरू झाली आखाडात. दवाखाना दिसला गणपती उठल्यावर. तोही कशामुळे, ते पुढे येईलच.

(दृश्य : तालुक्याच्या गावातला दवाखाना. लोखंडी टेबल.)

डॉक्टरांनी आधी काहीच तपासलं नाही. तेलाखाली कातडी दिसेना. साबणानं अंग धुवायचं, पुसायचं, पुन्हा धुवायचं. यातच सकाळ गेली.

मग त्यांनी कानाची कड दुमडली आणि कडेवर कड चोळली. वाघ्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला. बघा, पुन्हा दाखवतो. कान चोळला की पाय हलतो. नुसत्या यावरून निदान होत नाही, पण लुतीचा संशय बळावतो.

आता हे पातं. धार बोथट केलेलं. त्यावर लिक्विड पॅराफिनचा थेंब. कोपरावर, कानाच्या कडेवर, जिथे खपली आहे पण खाजवून सोललेलं नाही अशा जागी ते तिरकं धरून खरवडायचं. जो चोथा निघतो तो काचपट्टीवर, वर झाकणकाच. पहिली पट्टी कोरी. दुसरी कोरी. तिसऱ्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात बघा.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकातून. गोल, आखूड पायांचा किडा हलतोय.)

सार्कोप्टिस. लुतीचा किडा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. मादी कातडीत बोगदा करत जाते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा साधारण तीन आठवड्यांचा. आमच्या नशिबानं तिसऱ्या पट्टीवर सापडला. पुष्कळदा दहा पट्ट्या कोऱ्या निघतात आणि तरी लूत असतेच. मग डॉक्टर लक्षणं बघून उपचार सुरू करतात. लुतीचा दुसरा एक किडा लांबुळका असतो, गाजरासारखा. तो आईकडून पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिळतो आणि माणसाला लागत नाही. घरी डोळ्यांना दोन्ही टकलं सारखीच. उपचार मात्र दोन तऱ्हांचे.

(दृश्य : आक्कांचा हात, बांगड्यांच्या वर लाल पुरळ.)

आणि हे ते कारण. वाघ्या रात्री आक्कांच्या पायाशी झोपतो. महिनाभर त्या मनगटं खाजवत होत्या, भाताच्या चिखलानं झालं म्हणत होत्या. कुत्र्यावरचा हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ तग धरत नाही. कुत्रं बरं झालं की हे पुरळ सहसा आपोआप ओसरतं. पण कुत्रं आणि माणूस एकाच वेळी खाजवायला लागले, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठायचा. खाजेनं कुत्र्याची झोप मोडत असेल, टक्कल वाढत असेल, अंगाला आंबूस वास येत असेल, तरीही तेच. जखमेत किडे पडले, तोंड एकाएकी सुजलं, किंवा अंगावर गोचीड आहेत आणि हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी निघा. आणि निघताना काही लावून नेऊ नका. शेजारच्या मळ्यातल्या पिल्लाला गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध चोळलं होतं. ते गेलं.

(दृश्य : दोरीवर वाळत घातलेली गोणपाटं, उन्हात.)

वाघ्याला वजनावर मोजून चघळायची गोळी मिळाली. अंथरूण उकळत्या पाण्यात. खळ्यावरच्या दुसऱ्या कुत्रीलाही गोळी, ती खाजवत नसली तरी. पहिले आठ दिवस खाज काही हटली नाही. आक्कांनी पुन्हा ऑइलचा विषय काढला होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

दिवाळीच्या आधीची ही तिसरी खेप. कानाच्या कडेला बारीक, मऊ लव आलीय. कोपर अजून उघडं. डॉक्टरांनी पुढची तारीख कार्डावर लिहिली. आक्कांनी कार्ड डेअरीच्या पासबुकात ठेवलं आणि पासबुक कमरेला खोचलं.

(दृश्य : रात्र. ओटा. वाघ्या झोपलेला. आवाज फक्त पन्हळीचा.)