चल, येतोस खाली?

(दृश्य: इमारतीचा मागचा जिना. चौघे उभे आहेत. एक जण पाकीट पुढे करतो.)

निवेदन:
पहिली सिगारेट सहसा कुणी विकत घेत नाही. ती कुणीतरी पुढे करतं.

कधी मोठा भाऊ, कधी वर्गातला दांडगा मित्र. पहिल्याच झुरक्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, तोंड कडू पडतं. पुन्हा ओढावी असं त्या चवीत काहीच नसतं. तरी दुसरी ओढली जाते. कारण ठसका लागल्यावर सगळे हसले होते आणि त्या हसण्यात आपल्याला घोळक्यात घेतल्याची खूण होती. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, २०१२ चा अहवाल सांगतो की, रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी पहिला झुरका वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मारलेला होता.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

कंपन्यांनी ही नस फार आधी पकडली. १९२९, ईस्टरचा दिवस. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या. बाईनं चारचौघांत धूर सोडणं तेव्हा असभ्य समजलं जायचं. या सिगारेटी म्हणजे 'स्वातंत्र्याच्या मशाली', असा गाजावाजा झाला. तो घडवून आणला होता प्रसिद्धीतज्ज्ञ एडवर्ड बर्नेझ यांनी, आणि त्यांना पैसे मोजत होती अमेरिकन टोबॅको कंपनी. बरोबरीची मागणी खरी होती. ती पाकिटात भरून विकली गेली.

(दृश्य: पुन्हा तोच जिना. घड्याळात चार.)

झुरका घेतल्यावर निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि सवय लावतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण बरोबर चार वाजताच तलफ का येते? कारण चार वाजता कुणीतरी खुर्चीमागून विचारतं, ''चल, येतोस खाली?'' जिन्यावर साहेब आणि नवखा पोरगा एकाच लायटरवर वाकतात. कार्यालयातल्या निम्म्या बातम्या तिथेच फुटतात. सिगारेट सोडणाऱ्याला ही पाच मिनिटंही सोडावी लागतात. ''जरा मोकळ्या हवेत उभा राहून येतो,'' असं सांगून कोण उठतं?

निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावी वर्षानुवर्षं चाललेल्या हृदयविकार अभ्यासातल्या १२,०६७ माणसांची नाती आणि मैत्री तपासली, १९७१ ते २००३ या काळातली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. माणसं एकेकटी नव्हे, टोळीटोळीनं सिगारेट सोडत होती. जोडीदारानं सोडली, तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटत होती. मित्रानं सोडली, तर ३६ टक्क्यांनी. ओढत राहिलेले हळूहळू गोतावळ्याच्या कडेला सरकत गेले. ज्या झुरक्यानं घोळक्यात घेतलं, त्यानंच शेवटी कडेला नेऊन ठेवलं.

(दृश्य: जिना. चौघांतला एक रिकाम्या हातांनी उभा.)

यानं सोडून महिना झाला. चारला मात्र तो अजून खाली येतो. सवयीनं पाकीट त्याच्यापुढे येतं, तो मान हलवतो. शेजारचा स्वतःची पेटवतो आणि, आज पहिल्यांदाच, तोंड दुसरीकडे वळवून धूर सोडतो.