कष्टाचे हात कोरणारी क्लेअर लेटन

श्रोते हो, नमस्कार.

पोटासाठी घर सोडणं आपल्या कोकणाला नवीन नाही. कुणी मुंबईला, कुणी आखातात, आणि जीव मात्र गावच्या घरात. आज बोलायचं आहे ते चाळिशी ओलांडल्यावर देश सोडलेल्या एका बाईबद्दल. नव्या मुलखाशी तिने ओळख करून घेतली ती तिथली माणसं काम कशी करतात हे बघून, आणि ते लाकडात कोरून. तिचं नाव क्लेअर लेटन.

जन्म १८९८ चा, लंडनचा. आई कादंबऱ्या लिहायची. भाऊ रोलंड पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. क्लेअर तेव्हा सतरा वर्षांची होती. पुढे ती चित्रकला शिकली, आणि लंडनमध्ये नोएल रूक यांच्या वर्गात तिच्या हाती लाकूड आलं, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून ते कागदावर छापायची कला.

या कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो. सुतार फळी घेतो ती खोडाच्या लांबीत चिरलेली. क्लेअरच्या कामाला लागतो खोडाचा आडवा काप, तोही बॉक्सवूडसारख्या घट्ट लाकडाचा. तो घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. मग वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठोकळा ठेवायचा. उजव्या हातातली बारीक पोलादी कोरणी जवळपास जागच्या जागी राहते आणि डावा हात ठोकळा फिरवतो, तेव्हा कुठे वळणदार रेघ उमटते. कोरलेला भाग छापात पांढरा राहतो, उरलेल्या भागाला शाई लागते. म्हणजे अख्ख्या काळोखातून उजेड काढत जायचं. चुकलेली रेघ पुसता येत नाही.

१९३३ साली तिचं ‘द फार्मर्स इयर’ हे पुस्तक आलं. बारा महिने, बारा चित्रं. मेंढ्यांची वीण, पेरणी, लोकर कातरणं, कापणी, सफरचंदं उतरवणं, नांगरणी. त्या चित्रांतल्या वाकलेल्या पाठी बघताना मला आपली लावणी आठवते. इरलं घेऊन चिखलात उभी असलेली बाई अशीच भरीव, जमिनीत रुतलेली दिसते. क्लेअरने शेतकऱ्याला कधी गोंडस केलं नाही, दयेचा विषयही केलं नाही. माझ्या लेखी तिचं मोठेपण ते आहे.

त्याआधीच ती कॅनडातल्या लाकूडतोड्यांच्या तळांवर जाऊन आली होती. बर्फात झाडं पाडणारी, ओंडके लादणारी माणसं तिने कोरली. १९३९ मध्ये ती अमेरिकेला गेली आणि तिथलीच झाली. १९४५ साली तिने नागरिकत्व घेतलं. दक्षिणेकडे राहिली तेव्हा कापूस आणि तंबाखूच्या शेतांवर गेली, त्यातून १९४२ चं ‘सदर्न हार्वेस्ट’ झालं. नंतर उत्तरेला, कनेक्टिकटमध्ये, तिने घर केलं.

आपल्याला सगळ्यात जवळचं वाटेल ते यानंतरचं काम. वेजवूड या इंग्लिश कंपनीसाठी तिने न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, बारा धंद्यांची चित्रं केली आणि ती चिनी मातीच्या ताटल्यांवर छापली गेली. त्यांत कॉड मासा पकडणारे आहेत, शेवंडं धरणारे आहेत, जहाज बांधणारे आहेत, आणि ओहोटीला वाकून शिंपले खणणारी माणसंही आहेत. जेवणाच्या ताटलीवर शिंपले काढणाऱ्याचं चित्र! तिसऱ्यांचं सुकं आपण आवडीने खातो, पण त्या काढायला खाडीच्या चिखलात उतरलेल्या बाईचं चित्र आपल्या किती घरांत आहे?

१९८९ मध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी, क्लेअर गेली.

आपल्याकडे लाकडाची जाण कमी नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची खेळणी घडली. रापण ओढणारी माणसं, खडकावरून कालवं काढणाऱ्या बायका, भाजावळीचा धूर, भाताची झोडणी हे सारं इथल्याच कुणा मुलामुलीने कोरावं, असं मला फार वाटतं. बॉक्सवूड मिळालं नाही तर अडू नका. लिनोलियमचा, म्हणजे जमिनीवर अंथरतात त्या जाड पत्र्यासारख्या मऊ आच्छादनाचा, तुकडा आणि दोन कोरण्या घ्या. शाई लावून वर कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने घासा, छाप निघतो. फक्त चित्र उलटं उमटतं, तेव्हा होडीवरचं नाव कोरताना अक्षरं आधीच उलटी काढा.

नमस्कार.