मीठ सगळ्यात वरच्या फळीवर

(दृश्य: पर्लकोटेचा काठ. लख्ख ऊन. पूल दिसत नाही.)

काल रात्रभर गडचिरोलीतल्या भामरागडात थेंब पडला नाही. तरी सकाळी पूल बुडालेला.

"इथं कुठं पडला जी," काठावरचा दुकानदार म्हणतो. "वर पडला असंल, छत्तीसगडात."

पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या गावाच्या दोन अंगांनी येतात आणि इथंच इंद्रावतीला मिळतात. पर्लकोटेला वरच्या अंगाला कोटरी म्हणतात. इंद्रावती निघते थेट ओडिशातल्या कालाहांडीत आणि सगळा बस्तर तुडवत इथवर पोचते. ती फुगली की पर्लकोटेला जायला वाटच उरत नाही. पाणी तुंबतं, मागं सरतं, ठेंगण्या पुलावर चढतं आणि तिथून बाजारात शिरतं.

"इंद्रावतीनं दाबलं का आमची नदी उलटी येते." दुकानदाराचं हे एक वाक्य कुठल्याही नकाशापेक्षा बरं.

(दृश्य: पाण्यात अर्धे बुडालेले विजेचे खांब.)

पूल बुडाला की भामरागडचं बेट होतं. बेट म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. पण गोड्या पाण्यातही बारा महिने नांदती बेटं आहेत. ब्रह्मपुत्रेतलं माजुली तर २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. कॅनडात ह्युरॉन सरोवरात मॅनिटुलिन आहे, २,७६६ चौरस किलोमीटरचं. सरोवरातलं याहून मोठं बेट जगात नाही. तिथं १९१३ साली रेल्वेसाठी बांधलेला एक फिरता पूल आहे. उन्हाळ्यात बोटींना वाट द्यायला तो ठरल्या वेळी वळतो, तेवढा वेळ गाड्या थांबतात, आणि पूल परत जागेवर येतो.

भामरागडच्या पुलाला असं वेळापत्रक नाही. कधी एका दिवसात पाणी उतरतं, कधी दिवसामागून दिवस जातात. २०१९ च्या पावसाळ्यात तर पूर पुन्हा पुन्हा येत राहिला. गाळ काढून दुकान लावावं, तोवर पुढचा पूर दारात. शेजारी उंच पुलाचं काम सुरू झालं, तेव्हा गावानं आधी त्याच्या खांबांची उंचीच नजरेनं मोजली असणार.

आणि हे एकच बेट नव्हे. पलीकडच्या माडिया आदिवासींच्या पाड्यांना मधले नाले तोडतात. बेटामागं बेटं. म्हणून दुर्गम गावांचं चार महिन्यांचं रेशन पावसाळ्याआधीच पोचवून ठेवायची पद्धत आहे. दिवस भरत आलेल्या बाईला आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आधीच आणतात. जिचं येणं राहून गेलं, तिला खाटेवर निजवून चार खांदे नाला ओलांडतात.

नदीच्या अलीकडे, तीनेक किलोमीटरवर, हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा तर पावसाळ्यात या मुलखाचा बाहेरच्या जगाशी महिनोन् महिने संबंध तुटायचा.

(दृश्य: दुकानाच्या आत. कॅमेरा फळ्यांवरून हळूहळू वर.)

दुकान बघा. खालच्या फळीवर बादल्या, घमेली, प्लास्टिकच्या दोऱ्या. भिजलं तरी पुसून विकता येतं ते. मधे साबण, बिस्किटं. साखर त्याच्याही वर. आणि छताला टेकून मीठ. ग्राहकाचा हात पोचावा म्हणून ही मांडणी नाही, पाण्याचा हात पोचू नये म्हणून आहे. भिंतीवर गाळाची एक पिवळट रेघ आहे, तिच्याखाली दुसरी, पुसट. कुठली कोणत्या सालची, ते दुकानदार बोट ठेवून सांगतो.

"भाऊ, सामान वर चढवायला किती वेळ लागतो?"

"अगोदर तीन तास लागत होते. आता दीड." तो हसतो. "पोरं मोठी झाली नं."

(दृश्य: दुसरा दिवस. पुलाचा डांबरी पट्टा उघडा. चिखलातून पहिली मोटारसायकल.)

पाणी उतरलं. दुकानदार फावड्यानं गाळ ओढतोय, पोरगा बादलीनं भिंत धुतोय. मिठाच्या थैल्या मात्र अजून छताखालीच.

"उतरवत नाही का?"

"भादवा बाकी आहे नं जी."